अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर?

भारतातल्या कायद्यांची तीन इंग्रजी नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. १९२३ सालचा “वर्कमेन’स कॉम्पेन्सेशन ॲक्ट”. १९५२ सालचा, आपण ज्याला नुसतं पीएफचा कायदा म्हणतो तो. त्याच्या लांबलचक नावाची सुरुवात “एम्प्लॉयीस’ प्रॉव्हिडंट फंड्स” अशी होते. आणि २००९ च्या दुरुस्तीने त्या १९२३ च्याच कायद्याला मिळालेलं नवं नाव, “एम्प्लॉयी’स कॉम्पेन्सेशन ॲक्ट”. तिन्ही नावं कामगाराबद्दल आहेत, तिन्हींत अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वर येणारं ’ हे चिन्ह, आहे. पण पीएफच्या नावात ती एसच्या नंतर आहे, बाकी दोन्हींत आधी.

(या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि अपॉस्ट्रॉफी मूळ इंग्रजीत जिथे असते तिथेच ठेवली आहे. त्या एसचा उच्चार पुष्कळदा “झ” होतो, तरी अक्षर डोळ्यांना दिसावं म्हणून मी “स” लिहितो.)

या नावांत कुठेही छपाईची चूक नाही. भविष्य निर्वाह निधी सगळ्या कर्मचाऱ्यांचा असतो, म्हणून आधी “एम्प्लॉयीस” हे अनेकवचन पूर्ण झालं आणि मग अपॉस्ट्रॉफी आली. नुकसानभरपाई मिळते ती ज्याला इजा झाली त्या कर्मचाऱ्याला, म्हणून “एम्प्लॉयी” हे एकवचन, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. असा त्या नावांचा सरळ अर्थ लागतो. “वर्कमेन” मात्र अनेकवचन असूनही अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आहे. त्याचं कारण पुढे येईल.

हीच गोष्ट शेकडो इंग्रजी वाक्प्रचारांत आहे. “लायन’स शेअर”, “टू वीक्स’ नोटिस”, “फॉर गुडनेस’ सेक”, “ॲट आर्म’स लेंग्थ”. अनेकांची समजूत अशी की हे पाठच करावं लागतं. शाळेत आपल्या वहीवर लाल शाईची फुली येते, कारण मात्र क्वचितच सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की यातलं बरंचसं पाठ करावं लागत नाही, आणि मराठी माणसाला तर मुळीच नाही, कारण याचं उत्तर आपल्या कानात आधीपासून आहे.

इंग्रजीची खरी अडचण ही आहे की “बॉय्स” म्हणजे मुलगे, “बॉय’स” म्हणजे मुलाचा आणि “बॉय्स’” म्हणजे मुलांचा, या तिन्हींचा उच्चार तंतोतंत एक आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या पोरालाही ऐकून फरक कळत नाही. त्याला तो लिहिताना शिकावा लागतो. म्हणून तर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याच हातून या चिन्हाच्या चुका ढिगाने होतात. आपल्याकडे मात्र “मुलाची सायकल” आणि “मुलांची सायकल” यांत एक अनुस्वार आहे आणि तो ऐकू येतो. सामान्यरूपावरचा हा अनुस्वार मालक एक की अनेक हे सांगतो. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीची जागा नेमकं तेच सांगते.

तेव्हा वाक्प्रचार मराठीत मनातल्या मनात उलगडायचा आणि अनुस्वार येतो का ते ऐकायचं. एका महिन्याची नोटीस: अनुस्वार नाही, म्हणून “वन मन्थ’स नोटिस”. तीन महिन्यांची नोटीस: अनुस्वार आला, म्हणून “थ्री मन्थ्स’ नोटिस”. पाच वर्षांचा अनुभव: “फाइव्ह यिअर्स’ एक्स्पीरिअन्स”. शेतकऱ्यांचा बाजार: “फार्मर्स’ मार्केट”. सिंहाचा वाटा: “लायन’स शेअर”. हा शेवटचा वाक्प्रचार तर आपल्याकडे जसाच्या तसा आहे. इसापाच्या गोष्टीतला तो सिंह एकटाच होता, हे मराठीतही दिसतं आणि इंग्रजीतही.

आता लिहिण्याची कृती. आधी मालकाचा शब्द पूर्ण लिहून घ्या, अपॉस्ट्रॉफीचा विचार न करता. मालक एक असेल तर एकवचन, अनेक असतील तर अनेकवचन. शब्द पूर्ण झाला की लगेच अपॉस्ट्रॉफी द्या. मग बघा: तो शब्द एस लागून अनेकवचन झालेला असेल तर तिथेच थांबा. नसेल तर पुढे एस जोडा.

“एकवचनात एसच्या आधी, अनेकवचनात एसच्या नंतर” असा नियम सर्रास सांगितला जातो, पण वरची कृती त्याहून भरवशाची आहे. तो नियम “चिल्ड्रन” आणि “विमेन” या शब्दांशी आला की कोलमडतो. १४ नोव्हेंबरला आपण “चिल्ड्रन’स डे” साजरा करतो. बालक अनेक आहेत, मराठीत “मुलांचा” असा अनुस्वारही आहे, तरी अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. कारण “चिल्ड्रन” हे अनेकवचन एसशिवायच पूर्ण झालेलं आहे. अपॉस्ट्रॉफी त्याच्या मागे लागली आणि एस तिच्या मागून आला. “विमेन’स डे” तसाच. “वर्कमेन’स” तसाच. “पीपल’स”ही तसाच. उलट ५ सप्टेंबरचा “टीचर्स’ डे”: शिक्षकांचा, अनेकवचन एस लावून झालेलं, म्हणून अपॉस्ट्रॉफी शेवटी. शाळांच्या फलकांवर “टीचर’स डे” पुष्कळदा दिसतं. त्याचा अर्थ एका शिक्षकाचा दिवस असा होतो.

आदरार्थी बहुवचनाचा सापळा

अनुस्वाराची ही खूण जिथे फसवते ती जागा खास मराठी आहे, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आपण “टिळकांचे विचार”, “डॉक्टरांची फी”, “आजोबांचा चष्मा” म्हणतो. अनुस्वार आहे, पण माणूस एकच आहे. अनुस्वार आदराचा आहे. इंग्रजीत हा आदर व्याकरणात येत नाही. तिथे “टिळक’स”, “डॉक्टर’स फी”, “ग्रँडफादर’स” असंच लिहायचं. म्हणून अनुस्वार ऐकू आला की दुसरा प्रश्न विचारायचा: माणसं खरोखर किती?

“फादर’स डे” आणि “मदर’स डे” ही जोडी इथे फार उद्बोधक आहे. मराठीत वडिलांचा दिवस, आईचा दिवस. एकात अनुस्वार, एकात नाही. इंग्रजीत दोन्हीकडे एकवचन. आणि मदर’स डेच्या बाबतीत ती अपॉस्ट्रॉफी कुठे बसावी हे एका बाईने ठरवून बसवलं होतं. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ॲना जार्विस यांच्या आईचं १९०५ साली निधन झालं. १९०८ च्या मे महिन्यात ग्राफ्टन गावातल्या चर्चमध्ये त्यांनी मातृदिनाची प्रार्थना घडवून आणली, त्यासाठी देशभर पत्रं लिहिली, आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तो दिवस अधिकृत केला. जार्विस यांचा आग्रह होता की हे नाव एकवचनीच राहावं: जगातल्या तमाम मातांचा दिवस असा अर्थ त्यांना नको होता, प्रत्येक कुटुंबाने आपापल्या एका आईचा सन्मान करावा असा हवा होता. पुढे त्या दिवसाचा बाजार मांडला गेला तेव्हा त्याविरुद्ध त्या आयुष्यभर लढल्या. नाव मात्र त्यांनी ठेवलं तसंच राहिलं. एका चिन्हाच्या जागेत इतका अर्थ मावतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हे चिन्ह आलं कुठून

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत संबंध दाखवायला शब्दाला “एस” जोडत, पण त्यात ई हा स्वर उच्चारला जाई. दगड म्हणजे “स्तान”, दगडाचा म्हणजे “स्तानेस”. म्हणजे आपल्या “चा”सारखा तो एक प्रत्ययच होता, कुठलंही चिन्ह न लावता लिहिला जाणारा. पुढे बहुतेक शब्दांत तो ई बोलण्यातून गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईतून अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली. फ्रेंचमध्ये ती गाळलेल्या स्वराच्या जागी देत, आणि इंग्रजीतही सुरुवातीला तिचं तेवढंच काम होतं. गळालेल्या ईच्या जागी ती बसू लागली आणि सतराव्या शतकात एकवचनी संबंधाची खूण म्हणून रुळली. अनेकवचनाच्या शेवटी ती देण्याची रीत पक्की व्हायला अठरावं शतक उजाडलं.

मधल्या काळात बऱ्याच लोकांची समजूत अशी होती की हा एस म्हणजे “हिज” या शब्दाचं संक्षिप्त रूप. “द किंग हिज बुक” असं ते लिहीतही. पण मग “क्वीन’स” कुठून आलं, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. सांगायचा मुद्दा हा की नियम आधी आणि भाषा नंतर असं इथे झालेलं नाही. बोलण्यात प्रत्यय होताच. छापखान्यांनी आणि व्याकरणकारांनी दोन-अडीचशे वर्षं घेऊन त्याच्यावर चिन्ह बसवलं. काही जागी ते अजूनही नीट बसलेलं नाही, त्याचं मूळ या इतिहासात आहे.

एकदा चिन्ह चुकीच्या जागी छापलं गेलं की ते किती घट्ट बसतं, तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये “लँड’स एंड” नावाचं भूशिर आहे: जमिनीचं टोक, एकवचन. अमेरिकेत १९६३ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध कपडे कंपनीचं नाव मात्र “लँड्स’ एंड” आहे. पहिल्या छापील पत्रकात अपॉस्ट्रॉफी एसच्या पलीकडे पडली, पुन्हा छापायला पैसे नव्हते, आणि तेच नाव कायम झालं. ही हकिकत कंपनी स्वतःच सांगते.

मालक नसलेले मालक

दगड, केस, हात, दिवस, आठवडा यांच्या मालकीचं काही नसतं. तरी “स्टोन’स थ्रो”, “हेअर’स ब्रेड्थ”, “आर्म’स लेंग्थ”, “डे’स वर्क” या सगळ्यांत अपॉस्ट्रॉफी आहे. “चा” म्हणजे मालकी असं धरून चाललं की इथे गोंधळ उडतो. पण आपलंही “चा” कुठे नेहमी मालकी दाखवतं? “दोन तासांचा प्रवास”, “एका हाताचं अंतर”, “दिवसभराचं काम” यांत “चा” माप दाखवतो. इंग्रजीतला हा एसही मापाचा आहे. दगड फेकला तर जिथे पडेल तेवढं अंतर, म्हणजे आपण ज्याला हाकेच्या अंतरावर म्हणतो ते: “अ स्टोन’स थ्रो”. एक दगड, एक केस, एक हात. या मापांत “अ” हा शब्द पुढे असला की मापक एकच असतो आणि अपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच येते.

काळाचं माप रोजच्या कामाचं आहे, कारण ते नोकरीच्या अर्जात आणि राजीनाम्यात येतं. “टू वीक्स’ नोटिस” मध्ये अपॉस्ट्रॉफी हवी. पण “अ टू-वीक नोटिस” मध्ये नको, कारण तिथे “टू-वीक” हे विशेषण झालं. एसही गेला आणि चिन्हही. “फाइव्ह यिअर्स’ एक्स्पीरिअन्स” मध्ये हवी. “फाइव्ह यिअर्स ऑफ एक्स्पीरिअन्स” मध्ये नको, कारण “च्या”चं काम “ऑफ”ने केलं. “फाइव्ह यिअर्स ओल्ड” आणि “टू वीक्स अगो” मध्येही नको. तिथे “चा” नाहीच, नुसतं अनेकवचन आहे. अर्जातच येणारी आणखी एक जागा म्हणजे “मास्टर’स डिग्री” आणि “बॅचलर’स डिग्री”. दोन्हींत अपॉस्ट्रॉफी, एकवचनी. “मास्टर ऑफ आर्ट्स” असं लिहिलं तर “मास्टर”ला एसही नाही आणि चिन्हही नाही.

“न्यू यिअर’स ईव्ह” म्हणजे नव्या वर्षाची आदली संध्याकाळ, एक वर्ष, म्हणून एसच्या आधी. शुभेच्छा देताना मात्र “हॅपी न्यू यिअर”, एसच नाही. नाताळच्या भेटकार्डांवरचं “सीझन’स ग्रीटिंग्ज” एका ऋतूचं.

प्राण्यांचे वाक्प्रचार सोपे आहेत, कारण तिथे बहुधा एकच प्राणी असतो. “बुल’स आय”, “स्नेल’स पेस”, “बर्ड’स-आय व्ह्यू”, “कॅट’स व्हिस्कर्स”, “बी’स नीज”. डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या सुरकुत्यांना “क्रो’स फीट” म्हणतात. पाय अनेक, पण कावळा एक, आणि अपॉस्ट्रॉफी मालकाला लागते, वस्तूला नाही. वस्तू कितीही असोत, त्यांच्याकडे बघायचंच नाही. “वुल्फ इन शीप’स क्लोदिंग” मध्ये मेंढी एक की अनेक हे कळायला मार्ग नाही, कारण “शीप” दोन्ही वचनांत सारखंच. त्यामुळे लिहिण्याची रीतही एकच उरते.

भेंडीचं इंग्रजी नाव या संदर्भात आठवतं. हॉटेलच्या मेनूकार्डावर ते “लेडीज फिंगर” असं बिनचिन्हाचं असतं. एका स्त्रीचं बोट या अर्थाने एक भेंडी म्हणजे “लेडी’स फिंगर”. अनेक भेंड्या “लेडी’स फिंगर्स” किंवा “लेडीस’ फिंगर्स” अशा लिहिल्या जातात. ज्याला जे पटेल त्याने ते लिहावं. पण वाय अक्षर असलेला “लेडी” आणि आय-ई-एसवर संपणारा “लेडीस” यांची सरमिसळ करू नये.

माणसांच्या नावांचे वाक्प्रचार त्यांच्यामागच्या माणसामुळे लक्षात राहतात. “हॉब्सन’स चॉइस” म्हणजे नावाला निवड, प्रत्यक्षात एकच पर्याय. केंब्रिजमध्ये टॉमस हॉब्सन घोडे भाड्याने देत असत; १६३१ साली ते वारले. दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच घ्यायचा, नाहीतर नाही, असा त्यांचा शिरस्ता होता, म्हणजे चांगल्या घोड्यांवर रोज बोजा पडत नसे. हे नाव “हॉब्सन”, त्यात मुळात एस नाही, म्हणून “हॉब्सन’स”. “पँडोरा’स बॉक्स”, “मर्फी’स लॉ”, “पार्किन्सन’स लॉ”, “ॲडम’स ॲपल” सगळी त्याच वळणाची. “डेव्हिल’स ॲडव्होकेट” मध्ये सैतान एकच. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्या व्यक्तीला संतपद देण्याआधी तिच्याविरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी असे, त्याला लॅटिनमध्ये याच अर्थाचं नाव होतं; १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतपदाची प्रक्रिया बदलली तेव्हा त्या अधिकाऱ्याची जुनी भूमिका उरली नाही. वाक्प्रचार मात्र चालू आहे.

नावच एसवर संपत असेल तर काय? इथे दोन रिती आहेत आणि दोन्ही शुद्ध आहेत. लंडनमधल्या बागेचं आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकाचं नाव “सेंट जेम्स’स पार्क”. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाचं नाव “सेंट जेम्स’ पार्क”. पुराणकथांतल्या प्राचीन नावांना सहसा नुसती अपॉस्ट्रॉफी देतात, म्हणून “ॲकिलीस’ हील”.

“फॉर गुडनेस’ सेक” ही मात्र वेगळीच जात आहे. “गुडनेस” एकवचन आहे, तेव्हा कृतीप्रमाणे पुढे एस यायला हवा होता. तो येत नाही, कारण शब्द स-ध्वनीवर संपतो, पुढचा “सेक”ही स-ध्वनीने सुरू होतो, आणि मध्ये आणखी एक स कोणी उच्चारत नाही. जीभ जे करत नाही ते लेखणीनेही केलं नाही. “फॉर कॉन्शन्स’ सेक” मध्ये तर शेवटचं अक्षर एस नाहीच, नुसता ध्वनी तो आहे, तरी रीत तीच. “हेवन” आणि “पीट” स-ध्वनीवर संपत नाहीत, म्हणून “फॉर हेवन’स सेक”, “फॉर पीट’स सेक”. आणि “फॉर ओल्ड टाइम्स’ सेक”: जुन्या दिवसांसाठी, अनुस्वार आला, अनेकवचन.

जिथे अपॉस्ट्रॉफी नको

अनुस्वार एक की अनेक ते सांगतो. मुळात अपॉस्ट्रॉफी हवी की नको हे तो सांगत नाही. आपण “मगरीचे अश्रू” म्हणतो, इंग्रजीत “क्रोकोडाइल टिअर्स”. दोन नामं नुसती शेजारी ठेवली, मध्ये एसचा ध्वनी नाही, म्हणून अपॉस्ट्रॉफीचा प्रश्नच नाही. पहिल्या शब्दाच्या शेवटी स किंवा झ ऐकू आला तरच विचार करायचा.

ऐकू आला तरी काही वेळा ते फक्त अनेकवचन असतं. “कीपिंग अप विथ द जोन्सेस”, शेजाऱ्यांच्या बरोबरीने राहण्याची धडपड. १९१३ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पॉप मोमंड यांनी या नावाची चित्रमालिका सुरू केली, तिथून हा वाक्प्रचार रूढ झाला. जोन्सेस म्हणजे जोन्स कुटुंबातली मंडळी. कुणाचं काही नाही, म्हणून अपॉस्ट्रॉफी नाही. आपल्या इमारतींतल्या दारांवरच्या पाट्यांना हे थेट लागू पडतं. “द जोशीस” म्हणजे जोशी मंडळी. “जोशी’स” म्हणजे एका जोश्याचं घर. “द जोशीस’” म्हणजे जोशी मंडळींचं घर. पाटीवर बहुतेकांना पहिला किंवा तिसरा अर्थ हवा असतो आणि करून मिळते ती पाटी दुसऱ्या अर्थाची असते. पाटी वर्षानुवर्षं दारावर राहते, तेव्हा करायला टाकण्यापूर्वी कागदावर लिहून द्यावी.

दुकानांच्या फलकांवर “पिझ्झा’स”, “फोटो’स”, “सीडी’स” दिसतं. हीही निव्वळ अनेकवचनं आहेत, चिन्ह नको. ब्रिटनमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर असं इतकं दिसायचं की या चुकीला भाजीवाल्यांची अपॉस्ट्रॉफी असंच नाव पडलं. पण या भाजीवाल्यांची बाजूही सांगायला हवी. स्वरावर संपणाऱ्या परक्या शब्दांचं अनेकवचन अपॉस्ट्रॉफीने करायची पद्धत सतराव्या-अठराव्या शतकात चांगल्या शिकलेल्या लोकांत होती. आजही सुट्या अक्षरांना ती चालते: “माइंड युअर पी’स अँड क्यू’स” हे शिष्टसंमत आहे, कारण तिथे चिन्ह काढलं तर डोळा अडखळतो. “डूज अँड डोन’ट्स” मध्ये पहिल्या शब्दाला चिन्ह नाही, दुसऱ्याला आहे; आणि ते “नॉट”मधल्या गाळलेल्या ओच्या जागी आहे, अनेकवचनासाठी नाही.

सर्वनामांना चिन्ह नाही: हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, आणि त्यांच्याच रांगेत “इट्स”. “एव्हरी डॉग हॅज इट्स डे” मध्ये त्याचा दिवस, म्हणून बिनचिन्हाचं. “इट’स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स” मध्ये “इट इज”, म्हणून चिन्हासकट. “इट इज” असं पूर्ण वाचून बघावं; अर्थ लागला तर चिन्ह द्यावं. ही विभागणी आपल्याला आज अढळ वाटते, पण १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, “त्याचे” या अर्थाने चिन्हासकट “इट’स” आहे. तेव्हा ते चालत होतं.

आणखी एक गट असा आहे की ज्याला माझ्याकडे सोपी खूण नाही. “सेव्हिंग्ज अकाउंट”, “गुड्स ट्रेन”, “स्पोर्ट्स डे”, “कस्टम्स ऑफिसर”, “आर्म्स रेस”. इथे अनेकवचन विशेषणासारखं वापरलं आहे, कोणाचं काही नाही. बँकेची पासबुकं आणि शाळांची पत्रकं वाचून हे डोळ्यांत बसतात. अमेरिकेतला माजी सैनिकांचा “व्हेटरन्स डे” सरकारी लेखनात मुद्दाम बिनचिन्हाचा ठेवला आहे.

जिथे अक्षरं गळाली आहेत त्या वाक्प्रचारांत अपॉस्ट्रॉफी तिच्या मूळच्या कामावर असते, आणि तिथे वाद नाहीत. “ओ’क्लॉक” म्हणजे “ऑफ द क्लॉक”. “ने’अर-डू-वेल” मध्ये “नेव्हर”चा व्ही गळाला, त्या जागी चिन्ह आहे. “रॉक ’न’ रोल” मध्ये “अँड”ची पहिली आणि शेवटची अशी दोन अक्षरं गेली, म्हणून एनच्या दोन्ही बाजूंना चिन्ह. इथे संगणक घोळ करतो. शब्दाच्या सुरुवातीला चिन्ह दिसलं की त्याला ते सुरुवातीचं अवतरणचिन्ह वाटतं आणि तो त्याला उलटं वळवतो. अपॉस्ट्रॉफीचं शेपूट नेहमी डावीकडे वळलेलं, स्वल्पविरामासारखं असतं, मग ती शब्दाच्या आधी असो की नंतर. उलटी आली तर दोनदा टाइप करून पहिली पुसावी.

स्थळनामांत तर्क लावत बसू नये. तिथे स्थानिक रीत बघावी. लंडनच्या पिकॅडिली मार्गावर “अर्ल’स कोर्ट” आणि “बॅरन्स कोर्ट” ही लागोपाठची स्थानकं आहेत. एकात चिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. अमेरिकेत १८९० मध्ये स्थापन झालेल्या भौगोलिक नावांच्या मंडळाने नावांतल्या अपॉस्ट्रॉफी सरसकट काढायचं धोरण ठेवलं. “मार्था’स व्हिनयार्ड” या बेटाला ती १९३३ साली परत मिळाली, आणि असे अपवाद मोजकेच आहेत.

काही वाक्प्रचारांत शब्दकोशांचंच एकमत नाही. मती गुंग होणे या अर्थाचा “ॲट माय विट’स एंड” बायबलमधल्या १०७ व्या स्तोत्रातून आला. बुद्धी एक धरली तर “विट’स”, बुद्धीच्या अनेक शक्ती धरल्या तर “विट्स’”. कोशांत दोन्ही सापडतात. एप्रिलच्या पहिल्या तारखेचंही तसंच: “एप्रिल फूल’स डे” आणि “एप्रिल फूल्स’ डे”. अशा वेळी हाताशी असलेला एक चांगला कोश उघडावा, त्यातलं रूप घ्यावं आणि एका लेखात शेवटपर्यंत तेच ठेवावं.